वॉटफर्डमधली ग्वांगझूची संध्याकाळ

माझी मैत्रीण काकूंच्या घरी राहायला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने दारावरच्या तोरणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे माझ्या आईने विकलंय."

काकूंना ते अजिबात आवडलं नाही. तोरण त्यांनी लंडनमधल्या इल्फर्डहून आणलं होतं आणि ते भारतातून आलंय असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. प्लास्टिकची झेंडूची फुलं, मधेमधे हिरवी पानं, खाली बारीक घुंगरं. मैत्रिणीने एक फूल उलटं करून त्याच्या पोटातली पिवळी गाठ दाखवली. "ही गाठ आमच्या बाजारात मारतात. मी शाळेतून आले की ह्याच गाठी मारत बसायचे."

लंडनजवळच्या वॉटफर्डला आम्ही दोघी काकूंच्या घरात भाड्याने राहतो. काकू मूळच्या ठाण्याच्या, इकडे येऊन तीसेक वर्षं झाली. मुलं नोकरीसाठी दुसऱ्या शहरांत गेली तशा वरच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या. एकीत मी, पुण्याहून आलेली, दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. दुसरीत ती, ग्वांगझूहून मास्टर्ससाठी आलेली आणि मग इथेच रुळलेली. ग्वांगझू म्हणजे जुनं कँटन. ते नाव मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एकदा वाचलं होतं, परीक्षेपुरतं.

तोरणापासून जे सुरू झालं ते थांबेना. गणपतीच्या मखरातली लुकलुकणारी माळ, मोदकाचा साचा, काकूंची चापाची नथ, हळदीकुंकवाला वाटलेल्या डब्या, सगळं मैत्रिणीने ओळखलं. देव्हाऱ्यातल्या समईपर्यंत तिचा हात गेला तेव्हा काकूंनी तिला अडवलं. "ती माझ्या लग्नातली आहे. तिला हात लावायचा नाही आणि तिच्याबद्दल काही बोलायचंही नाही."

तिची आई ग्वांगझूच्या घाऊक बाजारात सणांच्या सामानाच्या गाळ्यावर काम करायची. त्या बाजारात सण त्यांच्या तारखेला येत नाहीत. नाताळ उन्हाळ्यात येतो आणि पावसाळा संपायच्या आत जहाजात बसून निघूनही जातो. दिवाळी त्याच्या मागेपुढे. तिच्या आईने आयुष्यभर जगाला रेनडिअर विकले, पण नाताळ एकदाही पाहिला नव्हता. हे ऐकल्यावर काकू जरा मऊ झाल्या आणि तोरण दारावर राहिलं.

आता मी माझ्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मला लोकांसमोर बोलता येत नाही. म्हणजे भाषा येते, वाक्यं येतात, उच्चारही बरे आहेत. महागड्या इंग्लिश मीडियमच्या शाळेने तेवढं केलंय. पण तोंड उघडायची वेळ आली की आवाजच निघत नाही. डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन करायचा असेल तर मी आधी मनात तीनदा तो फोन करते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी चॅटमध्ये लिहिते. बसची घंटी दुसऱ्या कुणी दाबली नाही तर एक स्टॉप पुढे उतरून चालत मागे येते. हे मी कुणाला सांगत नाही. लोक समजतात मी शांत आहे, विचारी आहे. समजू देत.

मैत्रीण माझ्या अगदी उलट. आमच्या जवळच्या लायब्ररीत ती अर्धवेळ काम करते आणि तिथे तिने एक कार्यक्रम सुरू केला होता. महिन्यातून एकदा, संध्याकाळी, शेजारपाजारचं कुणीतरी आपल्या शहराबद्दल बोलतं. पोर्तुगालच्या एक बाई लिस्बनबद्दल बोलल्या, एक इलेक्ट्रिशियन पोलंडमधल्या त्याच्या गावाबद्दल. ह्या महिन्यात तिची पाळी होती. विषय होता ग्वांगझू आणि बाकीचं जग. आणि ते ऐकायला तिची आई, पहिल्यांदाच देशाबाहेर पडून, तीन आठवड्यांसाठी आली होती. परतीचं विमान कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी.

आई आली तीच मोठ्याने हसत. दारात काकूंना बघून तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "भैया!"

काकूंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "मला म्हणतायत?"

मैत्रीण लाजून लाल झाली. बाजारात येणारे भारतातले व्यापारी आईला, तिच्या मालकाला, हमालाला, सगळ्यांना भैयाच म्हणायचे. तेव्हा भारतीय माणसाला मान द्यायचा तर असंच म्हणायचं, अशी आईची पक्की समजूत. तिला हिंदीतलं आणखी एवढंच येत होतं: कितना, ज्यादा है, आणि लास्ट प्राइस. एवढ्या सामग्रीवर ती आणि काकू दिवसभर स्वयंपाकघरात गप्पा मारायच्या. आई कोबीकडे बोट दाखवून "कितना?" म्हणायची, काकू किंमत सांगायच्या आणि आई छातीवर हात ठेवून "ज्यादा है!" म्हणायची. दोघी खूश. चार दिवसांनी भैया अशी हाक आली की काकू आपोआप ओ द्यायला लागल्या.

कार्यक्रमात माझं काम ठरलेलं होतं. स्लाइड्स मी केल्या होत्या. बंदराचं चित्र, रेशमाचं, चहाच्या खोक्यांचं, आणि आजच्या घाऊक बाजाराचे आईच्या फोनमधले फोटो. मी मागे बसून बटण दाबणार, मैत्रीण पुढे बोलणार. असं काम मला फार आवडतं.

मग आदल्या शनिवारी मैत्रीण आईला फुटबॉलची मॅच दाखवायला घेऊन गेली. आई फुटबॉलवेडी. दोघी कुठल्या संघाच्या बाजूने ओरडत होत्या ते दोघींनाही नीट सांगता आलं नाही, पण ओरडल्या मात्र भरपूर. आईचा आवाज बाजारात कमावलेला, त्याला काही झालं नाही. मैत्रीण घरी आली ती बिनआवाजाची. रविवारी थोडी किरकिर येत होती, सोमवारी तीही गेली. कार्यक्रम गुरुवारी.

मंगळवारी संध्याकाळी ती फोनवर टाइप करून आमच्याशी बोलत होती. तिने फोन माझ्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: तुला सगळं पाठ आहे.

मी वाचलं आणि फोन परत तिच्या हातात दिला.

तिने पुन्हा लिहिलं: स्लाइड्स तूच केल्यास.

"तुझा आवाज येईल," मी म्हणाले. "अजून दोन दिवस आहेत."

काकू भाजी चिरत होत्या. "अगं, मग काय झालं? तू बोल की. तुझं इंग्लिश किती छान आहे. माझ्या मुलांपेक्षा छान आहे, आणि ती इथे जन्मलीयेत."

"नाही काकू, ते तिचं शहर आहे."

"शहर तिचं, आवाज तुझा. काय बिघडलं?"

मी वर गेले आणि खोलीचं दार लावून घसा कसा बरा करावा हे वाचत बसले. मैत्रिणीबद्दलच्या कळकळीने नव्हे. तिचा आवाज आला नाही तर मला उभं राहावं लागेल, एवढं एकच कारण. इतकी मेहनत मी स्वतःच्या तब्येतीसाठीही कधी केली नाही. बुधवारी सकाळपर्यंत मध झाला, आलं झालं, हळद-दूध झालं, वाफ झाली, केमिस्टकडच्या गोळ्या झाल्या. केमिस्टशी मी स्वतः जाऊन बोलले, ह्यावरून मी किती घाबरले होते ते समजून घ्या.

दुपारी आईने बोटांनी गोल करून, आंबट तोंड करून आणि घशावर हात फिरवून काहीतरी सांगितलं. मैत्रिणीने टाइप केलं: मिठातलं लिंबू. त्यांच्याकडे प्रत्येक घरात बरणीत वर्षानुवर्षं मुरत ठेवलेलं असतं, काळं होईपर्यंत. घसा बसला की गरम पाण्यात घालून देतात. आईने येताना एक बाटली आणली होती, पण हातातल्या बॅगेत ठेवली, आणि विमानतळावर ती काढून घेतली.

काकूंनी ते वाचलं. लगेच स्टूलवर चढल्या, सर्वांत वरच्या फळीवरून पिठाच्या डब्यांमागून एक काचेची बरणी काढली आणि फडक्याने पुसून टेबलावर ठेवली. आत काळं, चिकट, चकाकणारं काहीतरी. खारातली लिंबं. धाकट्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या वेळी घातलेली. ती मुलगी आता स्वतः नोकरी करते.

आईने झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. मग ती काकूंशी तिच्या भाषेत भराभर बोलायला लागली, आणि काकू मराठीत, "हो ना, नुसतं मीठ, तेलाचा थेंब नाही, कोण म्हणतं आपल्याकडेच करतात," असं काहीतरी. मला घाई होती. मी सिंकमधला चमचा घेतला आणि बरणीत घालायला गेले.

दोघी एकदम ओरडल्या. एक कँटोनीजमध्ये, एक मराठीत. माझा हात हवेत थांबला.

"ओला चमचा!" काकू म्हणाल्या. "अख्खी बरणी नासवशील!"

आईही तेच म्हणत असणार, कारण तिने माझ्या हातातून चमचा काढून घेतला, ब्लाउजला घासूनपुसून कोरडा केला, उजेडात धरून बघितला आणि मगच बरणीत घातला. ब्लाउजला पुसलेला चमचा काकूंना चालला कसा, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या हातचा चालला नसता.

पुढे मतभेद झाले. आईचं म्हणणं गरम पाण्यात कुस्करायचं. काकूंचं म्हणणं सुंठ लावून बोटाने चाटायचं, पाणी घालून चव घालवायची नाही. शेवटी मैत्रिणीला दोन्ही करावं लागलं, रात्री आणि सकाळी आणि पुन्हा दुपारी. मी घड्याळाकडे आणि तिच्या घशाकडे आळीपाळीने बघत होते.

गुरुवारी चार वाजता ती बोलली.

"आलाय," ती म्हणाली. तो आवाज बकरीचा होता. शब्दाचा पहिला अर्धा भाग येत होता, उरलेला हवेत जात होता. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आईने बरणीला नमस्कारासारखं काहीतरी केलं. मैत्रिणीने आणखी एक वाक्य बोलायचा प्रयत्न केला आणि खोकायला लागली.

"एक तास ह्या आवाजात?" मी विचारलं.

तिने नाही अशी मान हलवली. मग टाइप केलं: रद्द करूया. आईला सांगते. तिला तसंही इंग्लिश कळत नाही. ती फक्त बघायला आली होती.

मैत्रीण जिना चढून गेली. आई खाली बाथरूमच्या आरशासमोर उभी होती. कार्यक्रमासाठी आणलेला जांभळा कोट घालून, केस विंचरत. तिला अजून माहीत नव्हतं. मी तिथून निघून जायचा विचार केला. खरंच केला. मग वर जाऊन मैत्रिणीच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "स्लाइडचं बटण तू दाब."

लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या भरल्या होत्या, हे फार वाईट झालं. वॉटफर्डमधले लोक गुरुवारी संध्याकाळी घरी का बसत नाहीत? पहिल्या रांगेत आई, फोन उभा धरून, रेकॉर्डिंग सुरू. शेजारी काकू, चांगली साडी, वरून पफर जॅकेट. पुढच्या टेबलावर मैत्रिणीने दाखवायच्या वस्तू मांडल्या होत्या: चिनीमातीचा कप, वाळवलेली संत्र्याची सालं, रेशमाचा तुकडा, एक फोन चार्जर. ऐन वेळी काकूंनी दारावरचं तोरणही काढून आणलं होतं. मॅनेजरने माझी ओळख करून दिली आणि बाजूला सरकली.

पहिलं वाक्य मला पाठ होतं. ग्वांगझू हे पर्ल नदीवरचं जुनं बंदर आहे. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मैत्रिणीने मागे बटण दाबलं, बंदराचं चित्र आलं. मी चित्राकडे बघितलं, लोकांनीही बघितलं. कुणीतरी खोकलं. मला स्पष्ट दिसत होतं की आता सगळ्यांना माझी दया येणार, आणि दया मला बोलण्यापेक्षाही सहन होत नाही.

लाजऱ्या माणसाला एक गोष्ट चांगली येते. आपल्यावर पाळी येऊ नये म्हणून समोरच्याला बोलतं कसं करायचं, ह्याचा आम्हाला लहानपणापासून सराव असतो. लग्नाकार्यात मी हेच करते. कुणी "काय करतेस सध्या?" विचारायच्या आत मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते.

मी तोरण उचललं. "हे कुणी पाहिलंय का कुठे?"

एवढंच. तेही हळू. पण बरेच हात वर गेले. कुणी रेस्टॉरंटमध्ये, कुणी शेजाऱ्यांच्या दारावर, एकाने डेंटिस्टकडे.

"आणि तिथे कुणी जाऊन आलंय? जिथे हे बनतं?"

मागच्या रांगेतून एक उंच, वयस्कर गृहस्थ उठले. नायजेरियाचे, इल्फर्डला कापडाचं दुकान असलेले, मुलीकडे वॉटफर्डला आलेले. ते म्हणाले, जाऊन काय, मी तिथे राहिलोय. कापड घ्यायला गेलो आणि मित्र झाले, चर्च मिळालं, जेवण मिळालं, परत यायला उशीर झाला. त्यांच्या चर्चमध्ये अंगोलाचे, घानाचे, फिलिपिन्सचे लोक असायचे आणि गाणी म्हणताना सगळे एकमेकांना सुरावरून दटावायचे, असं त्यांनी सांगितलं.

मग एका इंग्लिश आजींनी सांगितलं की त्यांच्या घराण्यात कँटनला ऑर्डर देऊन करून घेतलेली एक जुनी बशी आहे. त्यांच्या कुणा पूर्वजाने आपल्या लाडक्या कुत्र्याचं चित्र काढून पाठवलं, आणि वर्षा-दीड वर्षाने जहाजातून बशी आली. "त्या चित्रकाराने तसला चपट्या नाकाचा कुत्रा जन्मात पाहिला नसावा. त्याने सिंह काढलाय. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्या सिंहाला कुत्र्याच्या नावाने हाक मारतात."

आणि मग, मला वाटलंच होतं, काकू उठल्या. ठाण्याला त्यांच्या माहेरी शेजारी पारशी बाई होत्या. त्यांच्याकडे आजीची एक साडी होती, जांभळी, सगळी भरतकामाने भरलेली. त्या आजीचे वडील मुंबईहून कापूस घेऊन कँटनला जायचे आणि येताना हे घेऊन यायचे. "त्यातल्या गोल गोल ठिपक्यांना त्या काय म्हणायच्या माहितीये? कांदा-पपेटा. ओनियन-पोटॅटो! चिनी माणसाने रेशमावर एवढं नाजूक काम करायचं आणि आम्ही त्याला कांदेबटाटे म्हणायचं!" हॉल हसला. काकूंना तो हशा फार आवडला आणि त्यांनी तीच गोष्ट थोडी वाढवून पुन्हा सांगितली.

मी फक्त "आणि तुम्ही?" म्हणत होते. मैत्रीण आता पुढे येऊन आईसाठी बकरीच्या आवाजात भाषांतर करत होती, आईच्या कानात. आणि मग आईच उठली. तिने कापडवाल्या गृहस्थांना काहीतरी विचारलं. ते कँटोनीजमध्ये उत्तरले. अडखळत, पण उत्तरले. आई किंचाळली. ती ज्या इमारतीत रेनडिअर विकायची त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ते कापड घ्यायला जायचे. एकच जिना, कदाचित एकच लिफ्ट.

पुढचं भाषांतर करायची गरज नव्हती. आईने माझ्या हातातून तोरण घेतलं, त्यांच्यासमोर धरलं आणि किंमत सांगितली. त्यांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. आईने तोरण त्यांच्या खांद्यावर टाकलं, त्यांनी ते परत दिलं आणि दाराकडे निघाल्यासारखं केलं. आईने त्यांची बाही पकडून मागे ओढलं. सगळा हॉल उठून त्या दोघांभोवती जमला. लोक बाजू घेत होते. "नको देऊस तेवढ्यात!" "जाऊ दे त्यांना, परत येतील!" काकू आईच्या कानात आकडे सांगत होत्या. तोरण वास्तविक काकूंचंच होतं.

आठला लायब्ररी बंद होते. मॅनेजरने मला घड्याळ दाखवलं. मी "एक्सक्यूज मी" म्हणाले. तो शब्द माझ्या हनुवटीपर्यंतही पोचला नाही. केअरटेकरने मागचे दिवे घालवले, तर लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि टाळ्या पडल्या. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागली, केअरटेकर माझ्याकडे बघायला लागला. मैत्रिणीने दोन्ही हातांनी गळ्याकडे खूण केली. ह्या सगळ्यांना बोलतं मीच केलं होतं. त्यांना गप्प करणारंही दुसरं कुणी तिथे नव्हतं.

"अहो, पुरे आता!" मी ओरडले. "घरी जा सगळे!"

मराठीत. का ते मला विचारू नका. आतून जे आलं ते असं आलं. आणि तो आवाज माझा आहे हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. हॉल एकदम चिडीचूप. आई अर्ध्या किमतीवर थांबली. कापडवाल्या गृहस्थांनी "येस, मॅडम" म्हणून तोरण टेबलावर ठेवलं.

काकू माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या. "एवढा आवाज आहे तुला?"

आई काहीतरी बोलली. मैत्रिणीने ते मला सांगितलं, घशात जेवढं उरलं होतं तेवढ्यात. "आई म्हणते, शटर ओढायच्या वेळी आमच्या बाजारात हीच हवी होती."

कुणी हसलं नाही. सगळे मुकाट्याने आपापली खुर्ची उचलून माझ्यासमोर रांगेत उभे राहिले आणि ती कुठे ठेवायची हे मी सांगेन म्हणून वाट बघायला लागले. आयुष्यात आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे कुणी ऐकलंच तर पुढे काय करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडे बोट दाखवलं. ते तिकडे गेले.